परमुलखी मरण, घरची वाटणी

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आपण सारे आपापल्या धर्मग्रामातील दफनभूमीत जमतो. कबरी झाडून-पुसून ठेवलेल्या असतात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात आणि फादर पवित्र पाणी शिंपडीत ओळीओळीने पुढे जातात. कबरीच्या दगडावर जन्माची तारीख असते, मृत्यूची तारीख असते. मृत्यू कोठे आला हे मात्र बहुधा लिहिलेले नसते. ते लिहिण्याची रीत असती तर वसईतील एखाद्या लहानशा गावच्या दफनभूमीतही मस्कत, कुवेत, बाहरीन, दुबई, अबू धाबी ही नावे वाचावयास मिळाली असती. अशा माणसाचा देह विमानाने आठ-दहा दिवसांत घरी येतो. त्याने तेथे घाम गाळून साठवलेली पुंजी मात्र वर्ष वर्ष, कधी दोन-दोन वर्षे येत नाही. देहाला जी वाट मिळते ती पुंजीला का मिळत नाही, आणि पूर्वी तरी ती मिळत होती काय, याचा मागोवा घ्यावा म्हणून आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

प्रश्न जुना आहे. आपल्याच भूमीवर तो चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. फक्त परदेशी कोण, हे तेव्हा उलटे होते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत लिस्बनहून निघालेले असंख्य शिपाई, खलाशी आणि व्यापारी गोवा, वसई, चौल, मलाक्का, मकाव अशा ठिकाणी मरण पावले. त्यांचे घर सहा-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे होते. त्यांची पेटी उघडायची कोणी, कर्जे फेडायची कोणी, आणि उरलेले पैसे पोर्तुगालमधील विधवेच्या हाती पोचवायचे कोणी? राजाने मयत व गैरहजर लोकांच्या मालमत्तेसाठी खास अधिकारी नेमले होते. पण लोकांचा भरवसा त्यांच्यापेक्षा 'मिझेरिकॉर्दिया' या गृहस्थांच्या बंधुसंघावर अधिक होता, असे दिसते. हा संघ लिस्बन येथे १४९८ साली राणी लिओनोर हिच्या आश्रयाखाली स्थापन झाला. भुकेल्यांना अन्न देणे, कैद्यांना भेटणे, मृतांना मूठमाती देणे ही त्याची दयेची कामे. याच धर्तीचे संघ गोव्यात आणि वसईच्या कोटातही होते. मरणाऱ्याने मृत्युपत्रात संघाला व्यवस्थापक नेमावे, संघाने त्याचा माल विकावा, देणी भागवावीत, त्याच्या आत्म्यासाठी सांगितलेल्या मिस्सांचे पैसे द्यावेत आणि उरलेली रक्कम हुंडीने वारसांकडे रवाना करावी, असा रिवाज पडला. विलंब होई, तंटे होत, हुंड्या बुडतही असतील; तथापि परक्या मुलखात मेलेल्याच्या वतीने बोलणारे कोणीतरी असावे लागते, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना पुरती उमगलेली होती.

पुढे इंग्रजांच्या अमदानीत आपली माणसे परदेशी जाऊ लागली, ती प्रथम जहाजावर. गोव्याचे आणि आपल्या किनाऱ्यावरचे कितीतरी तरुण बोटीवर स्वयंपाकी, बटलर, खलाशी म्हणून गेले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात या दर्यावर्दींची एक हृदयस्पर्शी आठवण शिल्लक आहे. मृत्युपत्र लेखी असावे, त्यावर सही असावी आणि दोन साक्षीदार असावेत, हा सर्वसाधारण नियम. पण मोहिमेवर गेलेला शिपाई आणि समुद्रावर असलेला खलाशी यांना कायद्याने यातून सूट दिली आहे. खलाशाने दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलेली इच्छाही मृत्युपत्र ठरते. मात्र तो जिवंत किनाऱ्याला लागला आणि ही सवलत मिळण्याचा त्याचा अधिकार संपला, की त्यानंतर एका महिन्याने ते तोंडी मृत्युपत्र रद्द होते. समुद्रावरच्या माणसाची अडचण कायदा करणाऱ्याला दिसली. वाळवंटातल्या माणसाची दिसावयास फार काळ लागला.

वाळवंटाकडे आपली वाट वळली ती तेलामुळे. बाहरीनमध्ये १९३२ साली तेल लागले, कुवेतमध्ये १९३८ साली. त्याआधीपासून इराणच्या आबादान येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात गोमंतकीय कारकून आणि कारागीर होतेच. आजच्या तरुण वाचकाला नवल वाटेल, पण तेव्हाचे आखात आपल्याला आजच्याइतके परके नव्हते. आखाताचा कारभार पाहणारा ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या आणि त्यानंतर १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होता. बाजारात आपलाच रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा छापल्या, तरी नाव रुपयाचेच राहिले. दिनार आणि रियाल आले ते १९६० नंतरच्या दशकात. कायद्याचेही असेच होते. स्थानिक शेखांशी झालेल्या करारांन्वये ब्रिटिश प्रजाजनांचे आणि बहुतेक परकीय बिगर-मुस्लिमांचे खटले शेखांच्या न्यायालयात न जाता ब्रिटिश पोलिटिकल एजंटाच्या न्यायालयात जात. १९१३ च्या बाहरीनविषयक राजाज्ञेने तर हिंदुस्थान सरकारचे व मुंबई सरकारचे कायदे तेथील ब्रिटिश न्यायदानाला लागू केले. म्हणजे मनाम्यात मरण पावलेल्या आपल्या माणसाची पुंजी ज्या कचेरीत मोजली जाई, त्या कचेरीतील कायद्याची पुस्तके मुंबईच्या न्यायालयातील पुस्तकांसारखीच होती. माणूस परदेशी गेला तरी त्याचा कायदा त्याच्या सोबत गेलेला होता. साम्राज्यशाहीची ही देणगी होती आणि तिचे गोडवे गाण्याचे आम्हाला कारण नाही. स्थानिक लोकांच्या सार्वभौमत्वाला छेद देऊनच ती मिळाली होती. परंतु इतिहास सांगताना ती वगळूनही चालणार नाही.

ही व्यवस्था कुवेतमध्ये १९६१ साली संपली. बाहरीन, कतार आणि आजची अमिराती राज्ये येथे १९७१ साली. त्याच वर्षी २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिराती हे संघराज्य जन्मले. दोन वर्षांनी, १९७३ साली, तेलाचे भाव भडकले आणि आपल्या माणसांची खरी रीघ लागली ती त्यानंतर. योगायोग पाहा: घरचा कायदा ज्या वेळी आखातातून निघून गेला, नेमक्या त्याच वेळी आपली माणसे हजारोंनी तेथे पोचू लागली.

नव्या राज्यांनी वारशासाठी शरियतचा आधार घेतला; ते त्यांच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. अमिरातीच्या १९८५ च्या दिवाणी कायद्याच्या सतराव्या कलमात परकीयांसाठी एक दार ठेवलेले होते: वारशाला मृत व्यक्तीच्या मृत्युसमयीच्या राष्ट्रीयत्वाचा कायदा लागू होईल. मात्र त्याच कलमात पुढे असेही म्हटले होते की परकीयाने मृत्युपत्राने दिलेल्या अमिरातीतील स्थावराला अमिरातीचाच कायदा लागेल. २००५ च्या कौटुंबिक कायद्यानेही परकीयाला आपला कायदा मागण्याची मुभा दिली. म्हणजे दार होते. पण ते आपोआप उघडत नसे. वारसांनी न्यायालयात अर्ज करावा, आपल्या देशाचा कायदा अरबीत भाषांतरित करून, शिक्कामोर्तब करून सादर करावा, वारसांची कागदपत्रे मूळ गावाहून मागवून त्यांवरही तसेच शिक्के घ्यावेत, तेव्हा ते उघडे. तोवर बँकेतील खाते गोठलेले. नवराबायकोचे संयुक्त खाते असले तरी तेही गोठलेले. विधवेचा आणि मुलांचा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असल्याने तोही संपत आलेला. ज्यांना हे झेपत नसे, त्यांची वाटणी शरियतप्रमाणे होई.

शरियतच्या वाटणीविषयी आपल्याकडे बरेच अज्ञान आहे, आणि थोडी तुच्छताही आहे. त्यात मुलगा असेल तर त्याला मुलीच्या दुप्पट वाटा मिळतो, आणि मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा, हे खरे. पण आई आणि बाप यांना, मुलाला मुले असली तरी, प्रत्येकी निदान सहावा हिस्सा मिळतो, हेही खरे. मृत्युपत्राने माणूस आपल्या मिळकतीच्या केवळ एक-तृतीयांशाची व्यवस्था करू शकतो. उरलेले दोन-तृतीयांश नातेवाइकांचे. हे पाहून कोणी नाक मुरडील, तर त्याने गोव्याकडे पाहावे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेत वाढलेल्या आजच्या गोव्याच्या वारसा कायद्यातही आपल्या वाट्यातील अर्धी मिळकत मुलाबाळांसाठी राखून ठेवावी लागते, आणि पतिपत्नींची मिळकत विवाहाबरोबरच सामाईक होत असल्याने बायकोचा अर्धा भाग मुळात नवऱ्याचा नसतोच. माझी मिळकत मी वाटेल त्याला देईन, ही कल्पना इंग्रजी कायद्याची आहे. ब्रिटिश अमदानीत वाढलेल्या वसईच्या ख्रिस्ती माणसाला ती इतकी अंगवळणी पडली आहे की ती जगातली एकच रीत आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात एकाच मिस्साला बसलेल्या वसईकराच्या आणि गोवेकराच्या घरची वाटणी निरनिराळी असते.

आमच्या परिचयातील एका घराची हकिकत येथे सांगतो. घरातला मोठा मुलगा १९९८ साली दुबईला गेला. जाण्यापूर्वी त्याने वसईतच मृत्युपत्र केले. वडील वारलेले होते. आपले काही बरेवाईट झाले तर सारे आईला मिळावे, एवढाच त्यातला मजकूर. दोन साक्षीदार, सही, सारे यथास्थित. २००१ साली त्याचे लग्न झाले, एक मुलगी झाली. २०१२ साली दुबईतच हृदयविकाराने त्याचे निधन झाले. बँकेने खाते बंद केले आणि सूनबाईंच्या फेऱ्या सुरू झाल्या. तेथील एका जाणत्याने त्यांना हिशेब मांडून दाखवला: भारतीय कायदा मागितला नाही, तर चोवीस भागांपैकी तीन भाग विधवेला, बारा भाग एकुलत्या मुलीला, चार भाग आईला आणि उरलेले पाच भाग मृताच्या भावाला. भावाला, म्हणजे सूनबाईंच्या दिराला, आपल्याला काही मिळेल याची कल्पनाही नव्हती. त्याने स्वतः होऊन सांगितले, मला काही नको, पण कागदपत्रे पुरी करा. मग भारतीय कायद्याचे भाषांतर, शिक्के, वकिलाची फी. या साऱ्यात दीड वर्ष गेले.

इकडे आईने मृत्युपत्राचा कागद काढला. तिची समजूत साधी होती: मुलाने लिहून ठेवले आहे, तेव्हा ते माझे, आणि माझे म्हणजे नातीचेच. वसईच्या वकिलाने कागद वाचला, तारीख पाहिली आणि लग्नाची तारीख विचारली. भारतीय वारसा कायद्याच्या एकोणसत्तराव्या कलमान्वये विवाह होताच त्यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द होते. हिंदूंना हा नियम लागू नाही, आपल्याला आहे. तेव्हा मुलगा मृत्युपत्र न करताच वारला असे धरावयाचे. त्याचा कायम निवास भारतातच असल्याने दुबईतील त्याच्या रोख पुंजीलाही आपला कायदा लागायचा. त्याप्रमाणे एक-तृतीयांश विधवेला, दोन-तृतीयांश मुलीला. आईला काहीही नाही.

आम्ही हे ऐकले तेव्हा थोडा वेळ बोलणेच सुचेना. ज्या शरियतला टाळण्यासाठी दीड वर्षाची यातायात केली, तिने आईला सहावा हिस्सा दिला असता; ज्या आपल्या कायद्यासाठी ती केली, त्याने तिला वगळले. १९२५ च्या कायद्यात मुले असतील तर आईबाप वारसच नसतात. मुले नसतील तर विधवेच्या अर्ध्यानंतर उरलेले सारे बापाला. बाप हयात असेतो आईला काही नाही. मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा, ही या कायद्याची मोठी बाजू. केरळमधील मेरी रॉय यांनी न्यायालयात झगडून १९८६ साली त्रावणकोरच्या ख्रिस्ती कन्यांना तो वाटा मिळवून दिला, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. पण आईच्या बाबतीत हा कायदा कठोर आहे, आणि तो कठोर आहे हे बहुतेकांना मृत्यूनंतरच कळते.

पुन्हा दुबईकडे वळू. तेथे बदल घडला तो दयेपोटी नव्हे, जमिनीच्या व्यापारापोटी. असे म्हणण्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. २००२ साली दुबईने परकीयांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घरे घेण्याची मुभा दिली आणि २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने तिला पक्के रूप आले. पूर्वी माणूस मेला तर प्रश्न असे तो पगाराचा, बँकेतील शिलकीचा, फार तर मोटारीचा. आता प्रश्न घराचा झाला. आणि आपण वर पाहिले, की मृत्युपत्राने द्यावयाच्या स्थावराला तेथलाच कायदा लागत होता. ज्या परकीयाला आपले घर आपल्या मुलीला देता येणार नाही, तो घर विकत घेताना दहा वेळा विचार करील, हे राज्यकर्त्यांना समजले. मुलांच्या पालकत्वाचाही प्रश्न होताच. आईबाप दोघे एकाच अपघातात गेले तर मुले कोणाच्या ताब्यात जायची, ही धास्ती तेथे संसार करणाऱ्या प्रत्येक जोडप्याला असे.

दुबईतील आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राची स्वतंत्र न्यायालये आहेत. त्यांचे कामकाज इंग्रजीत आणि इंग्रजी धर्तीच्या कायद्याने चालते. २०१५ साली या न्यायालयांच्या जोडीला बिगर-मुस्लिमांच्या मृत्युपत्रांचे नोंदणी कार्यालय उघडले. एकवीस वर्षे पुऱ्या झालेल्या कोणाही बिगर-मुस्लिमाने तेथे आपले मृत्युपत्र नोंदवावे, हवे त्याला हवे ते द्यावे, लहान मुलांचा पालक नेमावा. आणि मृत्यूनंतर त्याच न्यायालयाने ते अमलात आणावे. प्रारंभी ते दुबईतील मिळकतीपुरतेच होते. २०१७ साली रास अल खैमा त्यात आले आणि २०१९ साली सारी अमिराती राज्ये व परदेशातील मिळकतही आली. २०१७ च्या पंधराव्या क्रमांकाच्या कायद्याने दुबईच्या सर्वसाधारण न्यायालयांतही बिगर-मुस्लिमांच्या मृत्युपत्रांची सोय झाली आणि त्याच वर्षी अबू धाबीच्या न्याय विभागानेही स्वतःचे कार्यालय उघडले. वित्तीय केंद्रातील पूर्ण मृत्युपत्राचे शुल्क सुरुवातीला एका माणसासाठी दहा हजार दिरहम होते. मोठ्या कंपनीतील व्यवस्थापकाला ते जड नव्हते. बांधकामावरच्या फिटरला ती कित्येक महिन्यांची कमाई होती. अबू धाबीचे शुल्क याच्या मानाने अगदीच थोडे होते. जेथे घर आहे, फ्लॅट आहे, तेथे कायदा आधी पोचतो, आणि जेथे एका खोलीत आठ खाटा आहेत तेथे उशिरा, हे जगात सर्वत्रच दिसते.

ते उशिरा पोचणेही अखेर घडले. अबू धाबीने २०२१ च्या चौदाव्या क्रमांकाच्या कायद्याने बिगर-मुस्लिम परकीयांसाठी स्वतंत्र कौटुंबिक कायदा केला. पाठोपाठ साऱ्या संघराज्यासाठी २०२२ चा एकेचाळिसाव्या क्रमांकाचा कायदा आला आणि तो १ फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला. त्यानुसार बिगर-मुस्लिमाला आपली तेथील सारी मिळकत मृत्युपत्राने हवी तशी देता येते. मृत्युपत्र नसेल तर अर्धी मिळकत पतीला किंवा पत्नीला आणि अर्धी मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता समान. वारसांपैकी कोणी मूळ देशाचा कायदा मागितला तर तो मार्गही खुला ठेवला आहे. १९७१ साली जे दार बंद झाले होते ते असे बावन्न वर्षांनी नव्या जागी उघडले, आणि या वेळी ते परक्या साम्राज्याने नव्हे तर त्याच भूमीच्या राज्यकर्त्यांनी उघडले. मात्र हे सारे संयुक्त अरब अमिरातीपुरते आहे. कुवेत, कतार, ओमान, सौदी अरेबिया ही निराळी राज्ये आहेत, त्यांचे कायदे निराळे आहेत. दुबईत काम करणाऱ्या मेहुण्याचा सल्ला दोहातल्या भाच्याच्या कामी येईलच असे नाही.

यातून आपल्या कुटुंबांपुढे एक नवे कोडे उभे राहिले आहे. एकाच माणसाचा दुबईत फ्लॅट आहे आणि वसईत वाडी आहे, असे समजा. मृत्युपत्र नसेल आणि कोणी भारतीय कायदा मागितला नाही, तर फ्लॅटचा अर्धा भाग पत्नीला मिळेल. वाडीचा मात्र एक-तृतीयांशच, कारण भारतातील स्थावराला भारताचाच कायदा लागतो. तो गोमंतकीय असेल तर आणखी निराळे. गोव्याचा रहिवासी भारतात कोठेही मिळकत करील, तरी तिला गोव्याचाच वारसा कायदा लागेल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आहे. दोन मिळकती, दोन कायदे, आणि घरात एक विधवा. तेव्हा प्रत्येक देशातील मिळकतीसाठी तेथले निराळे मृत्युपत्र करावे असा सल्ला जाणकार देतात, आणि तो योग्यच आहे. पण त्यातही एक मेख आहे. मृत्युपत्राच्या छापील नमुन्यात बहुधा पहिल्याच ओळीत 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो' असे वाक्य असते. दुबईत केलेल्या मृत्युपत्रात ते वाक्य तसेच राहिले तर वसईतले मृत्युपत्र त्या एका ओळीने नाहीसे होते. ते वाक्य त्या त्या देशातील मिळकतीपुरते मर्यादित करून घ्यावे लागते.

परदेशी गेलेल्यांपैकी पुष्कळांना आपल्या गावच्या चर्चसाठी, शाळेसाठी काही ठेवावे असे वाटते. त्यांच्या वाटेतही बरीच वर्षे एक अडसर होता. ज्याला पुतण्या-भाच्यासारखा जवळचा नातेवाईक आहे, त्याने धर्मादायासाठी केलेले मृत्युपत्र मृत्यूपूर्वी निदान बारा महिने केलेले असावे आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारी कचेरीत ठेवलेले असावे, अशी अट एकशेअठराव्या कलमात होती. मरणाऱ्याच्या उशाशी बसून पाद्री दान लिहून घेतात, या अठराव्या शतकातील इंग्रजी संशयातून ती जन्मली होती. इंग्लंडने आपला तो जुना कायदा १९६० साली मोडीत काढला. आपल्याकडे तो ख्रिस्ती समाजापुरता शिल्लक राहिला. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्याच्या आदल्याच वर्षी, २००२ साली, दुरुस्ती होऊन भारतीय ख्रिस्ती लोकांची मृत्युपत्रे प्रोबेटच्या सक्तीतूनही सुटली होती. तरीही मृत्युपत्र म्हटले की कोर्टकचेरी, ही भीती आपल्या मनातून गेलेली नाही.

आणखी एक गोष्ट, कारण ती घरोघर घडते. मृत्युपत्र करावयाचे ठरले की साक्षीला घरातलीच माणसे बोलावली जातात. थोरला भाऊ, नाहीतर जावई. आपल्याला लागू असलेल्या सदुसष्टाव्या कलमान्वये साक्षीदाराला, किंवा त्याच्या पत्नीला वा पतीला, त्या मृत्युपत्राने दिलेले दान रद्द होते. मृत्युपत्र टिकते, साक्ष टिकते, फक्त ज्याच्यासाठी लिहिले त्याला काही मिळत नाही. जावयाने साक्ष केली की मुलीचा हिस्सा गेला. साक्षीला शेजारी बोलवावा, ज्याला मृत्युपत्रात काही मिळावयाचे नाही असा.

ज्या घराची हकिकत वर सांगितली, तेथे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पैसे आले तेव्हा सूनबाईंनी मुलीचा भाग तिच्या नावे ठेवला, आणि स्वतःच्या तिसऱ्या हिश्शातून सहाव्या हिश्शाएवढी रक्कम सासूबाईंच्या खात्यात भरली. कायद्याने त्यांच्यावर तसे बंधन नव्हते. सासूबाई नको नको म्हणत होत्या. पुढच्या महिन्यात त्या वकिलाकडे गेल्या आणि त्यांनी स्वतःचे मृत्युपत्र केले. साक्षीला आळीतली दोन माणसे होती. धाकटा मुलगा बाहेर ओटीवर बसून राहिला.